स्टोनहेंजचे ‘खोटे’ पुजारी

सकाळपासून डोकं तापलंय. इथल्या, इंग्लंडमधल्या आपल्या मराठी ग्रुपवर कुणीतरी स्टोनहेंजचा, म्हणजे इथल्या हजारो वर्षं जुन्या दगडी वर्तुळाचा, व्हिडिओ टाकला. २१ जूनची, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवसाची पहाट, स्वतःला ड्रुइड (प्राचीन केल्ट लोकांचे पुजारी) म्हणवणाऱ्यांचे पांढरे झगे, डोक्यावर पानांच्या मुंडावळ्या, ढोल. खाली लगेच ‘गोऱ्यांची नौटंकी’, ‘बहुरूपी’, आणि हसून लोळणाऱ्या इमोजींची रांग.

नौटंकी? अहो, आईला घेऊन गेले होते मी तिथे. साताऱ्याहून आलेली, जूनमध्ये दोन स्वेटर घालून बसणारी माझी आई. रात्रभर कुडकुडलो. शेजारच्या झगेवाल्या बाईने, निवृत्त नर्स होती ती, न विचारता स्वतःची शाल काढून आईच्या खांद्यावर टाकली. पाचच्या आत सूर्य उगवायचा, पण नुसते ढग. आईने विचारलं, "कुठून येणार गं तो?" बाईने ईशान्येला, वर्तुळाबाहेरच्या ‘हील स्टोन’ या दगडाकडे बोट दाखवलं. आईने थर्मासच्या झाकणातून तिकडे अर्घ्य दिलं.

हो, माहितीये. ते मोठे दगड उभे राहिले इ.स.पू. २५०० च्या सुमारास, आणि ड्रुइडांचा उल्लेख सापडतो त्यानंतर दोनेक हजार वर्षांनी. हे ड्रुइडांचं देऊळ असावं, असा तर्क सतराव्या शतकात जॉन ऑब्रे या अभ्यासकाने लढवला, पुढे विल्यम स्टकलीने तो गाजवला. १९०५ साली तर एका ड्रुइड मंडळाचे शेकडो सभासद नकली दाढ्या लावून तिथे जमले होते. मूळ बांधणाऱ्यांना बहुधा हिवाळ्यातला छोटा दिवसच जास्त महत्त्वाचा होता. बरं, मान्य. मग?

आपला सार्वजनिक गणपती कधीचा? १८९२ की ९३, भाऊ रंगारी की टिळक, ते पुण्यात जाऊन भांडा. पण त्या दाढ्यांपेक्षा डझनभर वर्षांनीच मोठा ना? आणि कार्ल्याला बौद्ध चैत्याच्या तोंडाशी एकवीरा आई बसलीये. कोळी बांधव पालखी घेऊन चढतात तेव्हा म्हणता का ‘नौटंकी’?

मोठ्या दिवसाला तिथे जमणाऱ्यांनी मारही खाल्लाय. १ जून १९८५ ला तिथल्या जत्रेसाठी निघालेल्या भटक्या मंडळींच्या ताफ्यातल्या गाड्यांच्या काचा पोलिसांनी फोडल्या, ५०० हून अधिक लोकांना पकडलं. मोठ्या दिवसाला सगळ्यांसाठी मैदान पुन्हा खुलं झालं ते थेट २००० साली. पिऊन झिंगलेली पोरं तिथे येतात, कचरा करतात, हेही खरं. त्यांना हाणा खुशाल.

पण ती शालवाली बाई? सूर्य काही दिसला नाही. आई अर्घ्य देत होती तेवढा वेळ ती मान खाली घालून उभी होती. देव कुठला, मंत्र कुठला, काही विचारलं नाही. एरवी साधं तिकीट काढूनही दोरीबाहेरून बघावे लागतात ते दगड. त्या पहाटे आईने हात टेकवला, मग नेहमीसारखा कपाळाला लावला. बाईनेही तसंच केलं.

आणि हसतंय कोण? फायर अलार्म वाजू नये म्हणून शाळेच्या भाड्याच्या हॉलमध्ये बॅटरीच्या दिव्यांनी आरती करणारे आपण!