"राहू दे ना, कुठे खायला मागतोय तो कोड?"

बिनकामाचा जुना कोड काढून टाकू म्हटलं की हे वाक्य ऐकायला मिळतं, आणि तळपायाची आग मस्तकात जाते. मागतो हो, रोज मागतो! गेल्या आठवड्यात माझे तीन दिवस खाल्ले त्याने.

आमचं सॉफ्टवेअर पतसंस्थांसाठीचं. ते सुरू झालं तेव्हा मराठी म्हणजे जुने फॉन्ट. युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांना सामावणाऱ्या समाईक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, विंडोज २००० वर ती चालायलाही लागली, पण ऑफिसांत आणि छापखान्यांत जुने फॉन्ट पुढे कितीतरी वर्षं ठाण मांडून होते. त्यांच्यात अक्षर साठवलेलंच नसतं, त्याचं चित्र असतं, तेही रोमन अक्षरांच्या जागांवर. पहिली वेलांटी आधी, अक्षर मागून. त्यामुळे सभासदांची यादी अकारविल्हे लावली की किरण, दिलीप आणि विजय एकाच ठिकाणी गोळा व्हायचे, कारण तिघांची सुरुवात वेलांटीने! हे निस्तरायला कुणीतरी एक मॉड्यूल लिहिलं, जुन्या फॉन्टातल्या मजकुराचं खऱ्या देवनागरीत रूपांतर करणारा प्रोग्रामचा एक भाग. ज्याने लिहिलं त्याने त्या काळात फार कष्टाचं आणि गरजेचं काम केलं, त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

पण शेवटच्या पतसंस्थेचा डेटा युनिकोडमध्ये आणून पाच वर्षं झाली. मी स्वतः रात्री बसून आणलाय. जुन्या फॉन्टातली एकही नोंद आता उरलेली नाही, एकेक टेबल तपासलंय. तरी मॉड्यूल जागचं हलत नाही.

आणि ते गप्प बसत नाही. मजकुरात रोमन अक्षरं दिसली की त्याला वाटतं, हा जुना फॉन्ट, करा रूपांतर. एका कारकुनाने खात्यावर शेरा इंग्रजीत लिहिला, वारसदार बदलल्याचा. पासबुकावर काय छापून आलं? देवनागरी गिचमिड. म्हातारे सभासद घाबरून काउंटरवर आले, आपल्या खात्याचं काय झालं म्हणून. तीन दिवस शोधून मी कारण काढलं, म्हटलं, हे मॉड्यूलच काढून टाकू. उत्तर काय मिळालं? "आणखी एक इफ घाल." इफ, म्हणजे 'असं असेल तर तसं कर' अशी अट! तिथे आधीच अकरा आहेत. टीममध्ये नवीन आलेली मुलगी दोन दिवस ते अकरा इफ समजून घेत बसली होती. ज्याचा कुणालाच उपयोग नाही, ते शिकण्यात तिची उमेद का घालवायची?

म्हणे, कुणी वापरत असेल तर? कोण? नाव सांगा ना! म्हणे, पुढे लागलं तर? अहो, कोडचा सगळा इतिहास सांभाळणारं गिट कशासाठी आहे? काढलेली प्रत्येक ओळ तिथे जपलेली असते, लागली तर पाच मिनिटांत परत येते.

लिनक्सचा जन्म ज्या ३८६ चिपवर झाला, तिचा आधार लिनक्सवाल्यांनी २०१२ च्या डिसेंबरात कर्नलमधून, म्हणजे त्याच्या गाभ्यातून, काढून टाकला. आपल्या जन्माची चिप! ओपनएसएसएल हे इंटरनेटवरची देवाणघेवाण गुप्त ठेवणारं सॉफ्टवेअर. त्यात हार्टब्लीड नावाचं मोठं भगदाड सापडल्यावर २०१४ मध्ये ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टीमच्या लोकांनी ते साफ करायला घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात ९०,०००हून जास्त ओळी उडवल्या. उलट लॉग४जे बघा, प्रोग्रामच्या नोंदी म्हणजे लॉग लिहिणारं सॉफ्टवेअर. लॉगच्या मजकुरातला पत्ता वाचून बाहेरून कोड आणणारी सोय २०१३ मध्ये घातलेली. ती सांभाळणाऱ्यांनाच नको होती, पण जुन्या वापरणाऱ्यांचं काही मोडू नये म्हणून ठेवली. त्याच सोयीतून हल्लेखोर घुसायला लागले, आणि २०२१ च्या डिसेंबरात जगभरचे लोक रात्र रात्र जागून सर्व्हर वाचवत होते. 'राहू दे'ची ती किंमत होती, आणि ती भरली कुणी? राहू दे म्हणणाऱ्यांनी नक्कीच नाही.

मॉड्यूल काढणारी माझी ब्रँच, म्हणजे बदल केलेली कोडची वेगळी प्रत, मार्चपासून पडून आहे. चार हजार ओळी कमी, सगळ्या टेस्ट हिरव्या. काल रिव्ह्यूत पुन्हा तेच: "पुढच्या रिलीजला बघू." हेच मागच्या तीन रिलीजना ऐकलंय. आणि आज सकाळी दुसऱ्या शाखेतून फोन आला, पासबुकावर पुन्हा गिचमिड.