दुबई, चार रात्री आणि डबाभर अनारसे

गेल्या जानेवारीत आम्ही दुबईला जाऊन आलो, फोटो टाकले, आणि तेव्हापासून महिन्यातून दोनदा तरी कुणाचा ना कुणाचा मेसेज येतो, "तुमचा प्लॅन पाठव ना." पाठवला की पुढचा प्रश्न ठरलेला. "अगं, यात बुर्ज खलिफावर जाणं कुठे आहे?" म्हणून एकदाचं सगळं इथेच लिहून टाकते. पटलं तर घ्या, नाही पटलं तर टूरवाले आहेतच.

आमचीही सुरुवात टूरवाल्यापासूनच झाली होती. 'चार रात्री पाच दिवस, अकरा ठिकाणं' असा रंगीत कागद व्हॉट्सअॅपवर आला. नवरा खूश. मी पेन्सिल घेऊन बसले. पहिल्या दिवशी पोचेपर्यंत संध्याकाळ, शेवटच्या दिवशी बाराच्या आत खोली सोडायची. हातात उरले तीन दिवस. तीन दिवसांत अकरा ठिकाणं, आणि त्यात रोज दुपारी बसने उलटं येऊन त्याच त्या हॉटेलात पनीर. आमच्याबरोबर सासूबाई होत्या, वय चौऱ्याहत्तर. गुडघे त्यांचे, पण त्यांचंसुद्धा ऐकत नाहीत. मी तो कागद बाजूला ठेवला आणि शारजात राहणाऱ्या मावसभावाला फोन लावला.

तो म्हणाला, "ताई, आधी नकाशा बघ. दुबई गोल नाहीये, लांबडी आहे."

हे एक वाक्य मला त्या सगळ्या पॅकेजपेक्षा उपयोगी पडलं. शहर समुद्राला समांतर पट्टीसारखं पसरलंय. एका टोकाला खाडी आणि जुनी वस्ती, दुसरीकडे मरीना ही नव्या टॉवरांची वस्ती आणि पाम जुमेरा हे माणसाने बांधलेलं बेट. मधे तीसेक किलोमीटर. म्हणजे दादरहून निघून ठाण्याच्या जरा पुढे. सकाळी मरीना, दुपारी सोन्याचा बाजार, संध्याकाळी परत पाम, असं ज्याने लिहिलंय त्याने तुमच्या सुट्टीचे चार तास शेख झायेद रोडवर घालवायचे ठरवलेत. एका दिवशी एकच टोक, एवढं पाळलं तरी निम्मं काम झालं.

आता वेळ. मे महिन्यात पॅकेज स्वस्त असतं आणि पोरांना सुट्टी असते, म्हणून आपली माणसं मे-जूनमध्ये जातात. स्वस्त का असतं, ते कुणी विचारत नाही. तिथे १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर मजुरांकडून काम करून घ्यायला सरकारची बंदी आहे. ज्या उन्हात तिथलं सरकार पोटासाठी आलेल्या माणसालाही काम करू देत नाही, त्या उन्हात आपण पदरचे पैसे भरून फोटो काढायला जायचं? शिवाय मिरॅकल गार्डन ही फुलांची बाग आणि ग्लोबल व्हिलेज ही देशोदेशींची जत्रा उन्हाळ्यात बंदच असतात. मग उरतात मॉल, आणि मॉल आपल्याकडे काय कमी आहेत! नोव्हेंबर ते मार्च हाच काळ. फक्त हल्ली रमजान फेब्रुवारी-मार्चच्या आसपास येतो, तेव्हा तारखा आणि वेळा बघून तिकीट काढा.

आता अनारसे.

मावसभावाला आमच्या सासूबाईंच्या हातचे अनारसे फार आवडतात. दोघांचं फोनवर परस्पर ठरलं होतं. निघायच्या चार दिवस आधी डबा तयार. मी सहज म्हणून काय न्यायला चालतं ते वाचत बसले होते आणि माझा हात थांबला. संयुक्त अरब अमिरातीत खसखशीला बंदी आहे. अफूच्या बोंडातलं बी, विषय संपला. तिथल्या कस्टम्सला आपली दिवाळी माहीत नाही.

घरात जे महाभारत झालं ते सांगत नाही. सासूबाई म्हणाल्या, "मी खरवडून काढते." एक अनारसा घेऊन त्या चमच्याने खरवडायलाही लागल्या. दहा मिनिटांनी ताटलीत अनारशाचा भुगा, आणि भुग्यात खसखस. मग बिनखसखशीचे करू का, असं मी विचारलं, तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी स्वयंपाकघरातून बाहेर आले. शेवटी बेसनाचे लाडू नेले. पण तुमच्या घरच्या गोड्या मसाल्यात खसखस पडते का, ते विचारून घ्या, आमच्याकडे पडते. विड्याची पानंही नेऊ नका. आणि औषधं हा चेष्टेचा विषय नाही. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी तिथे नियंत्रित यादीत येते, त्यासाठी तिथल्या सरकारची आधी परवानगी लागते. सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळ्यांचा एकेक पत्ता उलटून मी मागचं बारीक अक्षर वाचलं. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवलीच.

तर मूळ भांडण. बुर्ज खलिफा.

८२८ मीटर उंच, जगातली सगळ्यात उंच इमारत, कबूल. ४ जानेवारी २०१० ला उद्घाटन झालं. तोवर तिचं नाव बुर्ज दुबई होतं, उद्घाटनाच्या दिवशीच ते बदललं. आदल्या वर्षी दुबई कर्जात अडकली होती, अबू धाबीने पैसे दिले आणि अबू धाबीच्या शेख खलिफांचं नाव इमारतीला लागलं. लग्नाचा खर्च मामाने केला की पत्रिकेत मामाचं नाव ठळक येतं, तसंच हे. पण १२४व्या मजल्यावर जाण्यासाठी माणशी जे तिकीट आहे, आणि सूर्यास्ताच्या वेळेला ते आणखी चढतं, ते चार जणांचं मोजल्यावर मी म्हटलं, आपण खालून बघू. संध्याकाळी समोरच्या तळ्यावर दर अर्ध्या तासाने कारंजी नाचतात, ती फुकट. मान वर करून बघायची ती इमारत, आणि खरं सांगू का, खालूनच तिचा धाक वाटतो.

उंचावरून बघायचंच असेल तर दुबई फ्रेमवर जा. जबील पार्कात १५० मीटरची भलीमोठी सोनेरी चौकट आहे, तिकीट पन्नासएक दिरहम. वर गेलं की एका काचेतून जुनी दुबई दिसते, बसकी, दाटीची, आणि पाठ फिरवली की दुसऱ्या काचेतून टॉवरच टॉवर. नवरा अजूनही म्हणतो, "दुबईला जाऊन बुर्जवर गेलो नाही." म्हणू दे. त्याचे वाचलेले पैसे त्यानेच मॉलमध्ये उडवले.

मेट्रो वापरा. २००९ साली सुरू झाली, ड्रायव्हर नाही, पुढच्या डब्यात बसलं तर समोरची काच पोरांना आयुष्यभर आठवेल. (तो गोल्ड क्लासचा डबा असेल तर तिकीट जास्त, आणि चुकून बसलात तर दंड. बायका-मुलांचा डबा वेगळा असतो, पाट्या वाचा.) आत काही खायचं-प्यायचं नाही. एक इशारा, बुर्ज खलिफा स्टेशनवरून दुबई मॉलला जायचा बंदिस्त पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे. सरकते पट्टे आहेत, तरी ज्येष्ठ मंडळींना तिथे टॅक्सीनेच न्या. आम्ही नाही नेलं. सासूबाई मॉलच्या दारात पोचल्यावर एका बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "बघितला मॉल."

वाळवंटातली सफारी सगळेच करतात, आम्हीही केली. चाकांतली हवा कमी करतात आणि मग गाडी टेकड्यांवरून अशी उडवतात की मला दुपारचं जेवण आठवायला लागलं. लाल वाळू सुंदर आहे यात वाद नाही, पण तुम्ही एकटे नसता, शेजारी पन्नास गाड्या असतात. उंटावरची फेरी दोन मिनिटांची. कंबरदुखी असलेल्यांनी गाडीचा तो थरार टाळून थेट तंबूत जायची सोय आहे का, ते बुकिंग करतानाच विचारा.

अबू धाबीला एक अख्खा दिवस द्या किंवा जाऊच नका. जाताना दीड तास, येताना दीड तास. शेख झायेद मशीद बघण्यासारखी आहे, ८२ घुमट, प्रवेश फुकट पण नोंदणी आधी ऑनलाइन करावी लागते, बायकांनी डोकं झाकायचं आणि हात-पाय पूर्ण झाकणारे कपडे. वाटेवरच अबू मुरैखाला स्वामिनारायण मंदिर आहे, फेब्रुवारी २०२४ मध्ये खुलं झालेलं, सात अमिरातींची सात शिखरं. सासूबाईंनी एकाच दिवशी दोन्हीकडे तितक्याच मनोभावे हात जोडले. बर दुबईतलं खाडीकाठचं जुनं शंकराचं देऊळ मात्र आता तिथे नाही, ते जबल अलीच्या नव्या मंदिरात हलवलंय. जुने व्हिडिओ बघून शोधत फिरू नका.

आणि ज्यासाठी मी ही पोस्ट लिहिते आहे ती खाडी.

टूरच्या कागदावर तिला 'ओल्ड दुबई, ४५ मिनिटं' एवढी जागा होती. आम्ही अख्खा दिवस दिला. बर दुबईतल्या अल फहिदी या जुन्या वस्तीच्या मातीच्या रंगाच्या गल्ल्या, घरांवर चौकोनी उंच बुरुज. हे बुरुज वारा पकडून खाली खोलीत सोडतात, विजेआधीचा एसी. तिथला किल्ला १७८७ चा. मग खाडीच्या काठाला यायचं आणि अब्रात बसायचं. अब्रा म्हणजे लाकडी होडी, मधे एक लांब बाक, दोन्ही बाजूंनी पाठीला पाठ लावून पाण्याकडे तोंड करून बसायचं. भाडं एक दिरहम. म्हणजे आपले पंचवीसेक रुपये. पाचेक मिनिटांत पलीकडे देरा.

देऱ्याच्या धक्क्याला लाकडी गलबतं लागलेली असतात, आणि त्यांच्यावर चढवायला काठावर फ्रिज, टायर, बिस्किटांची खोकी, गाद्या. इराणला जाणारी, सोमालियाला जाणारी. दुबई मोठी झाली ती इथे. आधी मोती होते. १९३०च्या सुमारास जपानी कृत्रिम मोत्यांनी तो धंदा बसवला. मग १९६०च्या आसपास कर्ज काढून खाडीतला गाळ उपसला, मोठी जहाजं आत येऊ लागली. तेल सापडलं त्यानंतर, १९६६ मध्ये. याच खाडीतून निघालेली सोन्याची बिस्किटं मुंबईच्या किनाऱ्याला उतरायची, त्या काळच्या गोष्टी आपल्या आधीच्या पिढीने पेपरात वाचल्या आहेत.

हे मी सासूबाईंना अब्रात बसून सांगत होते. शिवाय सांगितलं, की १९६६ पर्यंत इथे रुपया चालायचा. १९५९ पासून तर आपल्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी लग्न होऊन आले तेव्हा नुकताच बंद झाला होता की!" त्यांचं लग्न १९७१ चं. 'नुकताच' हा त्यांचा शब्द.

सोन्याबद्दल एक, कारण प्रत्येक जण विचारतो. बायकांना चाळीस ग्रॅम दागिने ड्यूटीशिवाय आणता येतात हे खरं आहे, पण परदेशात वर्षाहून जास्त राहिलेल्यांना. पाच दिवस फिरून येणाऱ्याला ती सवलत नाही. सोन्याचा बाजार बघा, त्या भल्यामोठ्या अंगठ्या आणि चिलखतासारखे हार बघून हसा, पण घेण्याआधी हिशोब करा.

रात्री मावसभाऊ आम्हाला जेवायला शारजाला घेऊन गेला. वाटेत मुहैस्नाच्या बाजूने जाताना म्हणाला, "काकू, हे सोनापूर." सासूबाई गिरगावच्या. त्यांच्या लहानपणी सोनापूर म्हणजे मरीन लाइन्सचं स्मशान. त्या दचकल्या. मग त्याने सांगितलं, की इथे मजूर राहतात, हजारोंनी, आपल्याकडचे, बांगलादेशचे, पाकिस्तानचे, नेपाळचे. शेजारच्या लेनमध्ये मजुरांची बस होती. काचेला डोकं टेकून माणसं झोपलेली, एकाच्या मांडीवर पिवळं हेल्मेट. दुबईत राहणाऱ्या दहांतले जवळपास नऊ जण बाहेरचे आहेत, हे मी वाचलं होतं. आमच्या गाडीतही एक बाहेरचा होताच, मावसभाऊ; तो बँकेत काम करत होता, एवढाच फरक. थोडा वेळ कुणी बोललं नाही.

शेवटच्या दिवशी विमान रात्रीचं होतं. टूरच्या कागदात त्या दिवशी 'फ्री टाइम फॉर शॉपिंग' असतं. मी सासूबाईंना विचारलं, कुठे जायचं, मॉल की बीच?

"त्या होडीत," त्या म्हणाल्या.

गेलो. बर दुबईहून देरा, देऱ्याहून बर दुबई, पुन्हा देरा, पुन्हा परत. होडीवाला चौथ्या खेपेला ओळखायला लागला, त्याने त्यांना कडेची जागा धरून ठेवली. दिरहमच्या नाण्यावर चोच असलेली अरबी कॉफीची किटली आहे. प्रत्येक खेपेला पैसे त्यांनीच दिले, पर्समधून एकेक नाणं निवडून. घरी आल्यावर बॅग रिकामी करताना त्यातलं एक मला सापडलं, रुमालात बांधलेलं. विचारलं तर म्हणाल्या, "राहू दे. परत गेलो तर सुट्टे लागतील."