कैलास लेणं एलियन्सनी नाही, पाथरवटांनी कोरलंय

व्हॉट्सॲपवर तो फॉरवर्ड परत फिरायला लागलाय, की वेरूळचं कैलास लेणं माणसाला शक्यच नाही, ४ लाख टन दगड १८ वर्षांत काढला म्हणजे तासाला ५ टन, म्हणून ते एलियन्सनी बनवलं. मला याचा खरंच राग येतो, म्हणून एकेक मुद्दा घेते.

आधी ते ४ लाख टन. देऊळ कोरायला डोंगरात केलेला खड्डा साधारण ८२ मीटर लांब, ४६ रुंद आणि मागच्या कड्याशी ३३ मीटर खोल. अख्खा ठोकळा धरून गुणाकार करा, बेसॉल्ट घनमीटरला २.९ टन धरा, तरी ३ लाख ६० हजारच होतात. आणि डोंगर उताराचा आहे, पुढे एवढी खोली नाहीच, शिवाय देऊळ, हत्ती, दोन्ही स्तंभ आत तसेच उभे आहेत ना, तो दगड कुठे काढलाय? अभ्यासकांचा अंदाज दीड-दोन लाख टनांचा आहे. २ लाख धरले आणि ३०० माणसं धरली, तर १८ वर्षांत रोज माणशी शंभर किलो, जेमतेम सव्वा घनफूट. कष्टाचं आहे, अशक्य अजिबात नाही.

बरं, १८ वर्षं ही राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याची कारकीर्द (सुमारे ७५६ ते ७७३), कामाची मुदत नाही. बऱ्याच अभ्यासकांच्या मते काम नंतरच्या राजांच्या काळातही चालू होतं.

'कुणी बांधलं याची नोंदच नाही' हे तर साफ खोटं. कर्कराजाच्या वडोदा ताम्रपटात (८१२-१३) एलापुरच्या (म्हणजे वेरूळच्या) डोंगरावर कृष्णराजाने देऊळ करवलं असं आहे, आणि ज्याने ते घडवलं तो शिल्पीच हे आपल्या हातून झालं कसं म्हणून थक्क झाला, असंही आहे.

'अचानक कुठून आलं' म्हणणाऱ्यांनी कर्नाटकातल्या पट्टदकलचं विरूपाक्ष मंदिर बघावं, काही वर्षंच आधीचं, ठेवण इतकी सारखी की लगेच कळतं. वेरूळलाच ३० नंबरचं लेणं, छोटा कैलास आहे, ते नंतरचं, पण तेही असंच वरून खाली कोरत आणलेलं, आणि अर्धवट राहिलेलं.

मी गेले होते तेव्हा आवाराच्या कड्यावर तिरकं ऊन पडलं होतं, त्यात टाकीचे घाव ओळीने दिसत होते, बोटभर रुंदीचे, एकाखाली एक, कुणीतरी बसून मारलेले.