गॅलरीत गाणं आलं आणि सोबत खुर्च्या आल्या

परवा एक ओळखीचा शिल्पकार जाम वैतागला होता. आमच्या सगळ्यांच्या माहितीतली एक छोटी गॅलरी आहे, कुणा मोठ्या संस्थेचा हात नाही डोक्यावर, तिघं-चौघं मिळून चालवतात, आणि तिथे आता महिन्यातून दोनदा चित्रांच्या मधोमध लाइव्ह म्युझिक असतं. तर हा म्हणे, "गॅलरी राहिलीय का ती? गाण्याचा अड्डा झालाय नुसता." मी गप्प बसले. कारण पाच वर्षांपूर्वी हेच वाक्य मी म्हणाले होते, आणि खरं सांगायचं तर याहून बरंच तिखट शब्दांत.

माझ्याकडे कारणही होतं म्हणा. दुसऱ्या एका गॅलरीत माझं प्रदर्शन लागलं होतं आणि मधल्याच एका संध्याकाळी त्यांनी बँड ठेवला. मला कळवलं आदल्या दिवशी, तेही मेसेजवर. गेले तर सगळ्यात मोठ्या कॅनव्हाससमोर ड्रमसेट, ड्रमच्या रिकाम्या पेट्या थेट चित्राला टेकवून ठेवलेल्या, आणि स्टेजचा लाल-निळा लाइट असा की ज्या करड्या रंगावर मी दोन महिने घातले होते तो सरळ जांभळा दिसत होता. दुसऱ्या दिवशी बघितलं तर खालच्या कडेला वीतभर ओरखडा. विचारलं तर उत्तर काय, "अगं पण केवढे लोक आले होते!" लोक आले होते हे खरंच होतं. फक्त सगळे चित्रांना पाठ करून उभे होते.

त्यानंतर दोनेक वर्षं गॅलरीतल्या कुठल्याही गाण्याच्या कार्यक्रमाला मी गेले नाही. मग एकदा मैत्रिणीने ओढून नेलं म्हणून गेले. एकटा चेलोवादक, माइक नाही, स्टेज नाही, चाळीसेक खुर्च्या. मला मिळाली ती कडेची, आणि नाकासमोर एक मध्यम आकाराचं, बऱ्यापैकी कंटाळवाणं वाटलेलं चित्र. त्याच प्रदर्शनाला मी आधी एकदा येऊन गेले होते आणि या चित्रावरून सरळ पुढे सरकले होते. आता पाऊण तास हलायची सोय नव्हती. पहिली दहा मिनिटं चेलोकडे बघितलं, मग नजर आपोआप चित्रावर गेली, परत चेलोवर, परत चित्रावर, आणि विसाव्या मिनिटाला केव्हातरी दिसलं की ज्याला मी सपाट पिवळा म्हणून निकालात काढलं होतं त्याच्याखाली आख्खा एक हिरवा थर आहे, आणि कडांना तो मुद्दाम उघडा ठेवलाय. मी स्वतः चित्रं काढते हो! आणि मला ते दिसायला विसावं मिनिट उजाडावं लागलं.

लोक चित्रासमोर किती वेळ थांबतात यावर एक अभ्यास आहे, २००१ साली प्रसिद्ध झालेला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये जेफ्री स्मिथ आणि लिसा स्मिथ यांनी लोकांना नकळत घड्याळ लावून बघितलं. सरासरी निघाली २७ सेकंद, आणि मध्यक, म्हणजे निम्मे लोक ज्याच्या आत पुढे सरकले तो आकडा, १७ सेकंद. त्यातच बाजूची पाटी वाचणंही आलं. जगातली नावाजलेली चित्रं, आणि १७ सेकंद! मग आमच्यासारख्यांच्या चित्रांना किती मिळत असतील याचा हिशोब मी करत नाही, झोप लागणार नाही.

पण यात बघणाऱ्याला शिव्या घालण्यात अर्थ नाही. गॅलरीत बसायला असतं का काही? भिंती पांढऱ्या, फरशी मोकळी, मधे फार तर एक बाक, तोही असा की त्यावर बसलं की आपणच प्रदर्शनात मांडल्यासारखं वाटतं. उभ्या माणसाचे पाय पुढे सरकणारच. शिवाय एकाच चित्रासमोर पाच मिनिटं थांबायचं म्हणजे मागचे काय म्हणतील, आपण फार शहाणपणा दाखवतोय असं वाटेल का, हे डोक्यात चालूच असतं. गाणं असलं की हा प्रश्नच मिटतो, कारण तुम्ही बसलायत गाण्यासाठी. चित्राकडे बघताय ते जाता जाता. कुणी तुमच्याकडून काही समजून घ्यायची अपेक्षा करत नाही. माझ्या मते गाण्याच्या कार्यक्रमाने गॅलरीला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुर्च्या, गर्दीचा नंबर त्याच्या खूप नंतर येतो. हे मी चेष्टेत म्हणत नाहीये.

"पण गाणं मग बॅकग्राउंडला जातं त्याचं काय?" हेही ऐकलंय, वादक मित्रांकडूनच. त्यावर एरिक साती या फ्रेंच संगीतकाराची गोष्ट आठवते. त्याने म्हणे असं संगीत करायचं ठरवलं जे कुणी ऐकूच नये, खोलीतल्या टेबल-खुर्चीसारखं नुसतं असावं, नावही दिलं फर्निचर म्युझिक. मार्च १९२० मध्ये पॅरिसच्या बार्बाझांज गॅलरीत एका नाटकाच्या मध्यंतरात ते वाजवलं, वादक मुद्दाम वेगवेगळ्या कोपऱ्यांत बसवले, लोकांना आधीच सांगून ठेवलं की लक्ष देऊ नका. आणि झालं काय, तर वाजायला लागल्यावर लोक गपचूप जागेवर येऊन बसले आणि ऐकायला लागले. साती ओरडतोय, बोला, फिरा, ऐकू नका! कुणी त्याचं मानेना. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी जाणूनबुजून प्रयत्न करूनही गॅलरीतलं गाणं बॅकग्राउंडला गेलं नाही. जिथे जातं तिथे दोष बहुतेक वेळा मांडणीचा असतो, किंवा ओपनिंगच्या गर्दीत वाजवायला लावणाऱ्याचा. ओपनिंगला कृपया कुणालाही वाजवायला लावू नका. तिथे कुणी कुणाचं ऐकत नसतं, चित्रकाराचंसुद्धा.

आणि हे गॅलरीचं भ्रष्ट होणं वगैरे जे म्हणतात ना, त्यांनी जरा मागे बघावं. स्टीव्ह राइश हा अमेरिकन संगीतकार, आज एवढं मोठं नाव, पण १९६७ मध्ये त्याचे कार्यक्रम झाले न्यूयॉर्कच्या पार्क प्लेस गॅलरीत, जी कलाकारांनीच मिळून काढली होती. दोन वर्षांनी व्हिटनी म्युझियममध्ये त्याची एक रचना झाली, ज्यात स्पीकरच्या वर टांगलेले माइक झोपाळ्यासारखे सोडून द्यायचे, आणि ते माइक सोडणाऱ्यांत रिचर्ड सेरा आणि ब्रूस नाउमन हे दोन कलाकार होते. सेरा म्हणजे पुढे पोलादाचे अवाढव्य पत्रे उभे करणारा शिल्पकार! १९७८ मध्ये आर्टिस्ट्स स्पेस या तिथल्याच कलाकारांच्या जागेत सलग पाच रात्री नव्या, कर्कश बँड्सचा महोत्सव झाला, ब्रायन ईनो हा ब्रिटिश संगीतकार तिथे ऐकायला आला होता आणि त्यातूनच पुढे एक रेकॉर्ड निघाली. ज्या संगीताला मोठे हॉल दारात उभं करत नव्हते ते गॅलरीत राहिलं, वाढलं. तेव्हा शिल्पकार मित्रा, तुझ्याच जातकुळीतला माणूस माइक सोडायला उभा होता, एवढं लक्षात असू दे.

आता आवाजाबद्दल, कारण खरी अडचण तिथे आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही. गॅलरीची खोली चित्रांसाठी जितकी चांगली तितकी गाण्यासाठी वाईट. गुळगुळीत प्लास्टर, काच, सिमेंटची फरशी, आवाज शोषणारं काहीच नाही. समजा खोली १० मीटर लांब, ८ रुंद आणि ४ उंच आहे, तर रिकामी असताना टाळी वाजवली की तिचा घुमारा विरायला साधारण चार सेकंद लागतात. शब्द एकमेकांवर चढतात, ड्रमचा तर नुसता चिखल होतो. साउंडचेकला वादकाचा चेहरा पडतो तो यामुळे. पण त्याच खोलीत साठ माणसं बसवा, घुमारा दीड सेकंदाच्या आत येतो. कपडे घातलेला माणूस हा उत्तम अकूस्टिक पॅनेल आहे, फुकटातला.

आणि गंमत म्हणजे हे सगळं शास्त्र सुरूच झालं एका कला संग्रहालयात. हार्वर्डच्या फॉग आर्ट म्युझियममधलं व्याख्यानाचं दालन एवढं घुमायचं की बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा. १८९५ मध्ये वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाला सांगितलं, बघ काही होतंय का. तो रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, दालनात मांडायचा, ऑर्गनचा एक सूर वाजवून घड्याळ लावून मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत. त्यातूनच त्याला कळलं की एक माणूस सुमारे सहा गाद्यांएवढा आवाज पितो, आणि त्यातूनच घुमारा मोजायचं ते सूत्र निघालं जे आजही वापरतात. परत खुर्च्याच, बघा!

म्हणून माझं म्हणणं, खोली बघून वादक निवडा. अशा जागेत एकटा गळा, चेलो, बासरी, हळू वाजणारा गिटार हे सोनं आहे. पाच जणांचा बँड फुल व्हॉल्यूमवर नको, त्यांचंही वाटोळं आणि ऐकणाऱ्यांचंही. शिवाय ताणलेला कॅनव्हास म्हणजे एक प्रकारचा ड्रमच, मोठ्या बासला तो हलतो, हुकावरची फ्रेम हळूहळू तिरकी होते, जुन्या रंगाला तडे असतील तर विचारूच नका. साठ माणसं बसली की खोलीची उष्णता आणि दमटपणा वाढतो, त्याचा त्रास कागदावरच्या कामांना आधी होतो. त्यांना प्रकाशही ५० लक्सच्या (लक्स म्हणजे प्रकाश मोजायचं एकक) आसपासच, म्हणजे मंदच हवा, म्हणजे स्टेजचे दिवे तिकडे वळवायचेच नाहीत. हे सगळं जमण्यासारखं आहे. वादक चित्रापासून दोन मीटर लांब, पेट्या दुसऱ्या खोलीत, बस्स. त्यासाठी कुणीतरी आधी विचार करावा लागतो एवढंच.

पैशाचं मात्र मला अजून पटत नाही. स्वतंत्र गॅलरीचं पोट विक्रीच्या कमिशनवर, बऱ्याच ठिकाणी ते अर्धं असतं, आणि विक्री कधी होईल ते देव जाणे. दारावरचं तिकीट त्याच रात्री हातात येतं, भाडं निघतं, म्हणून गाणं आलं, यात लपवण्यासारखं काही नाही आणि लाजण्यासारखं तर नाहीच. वादकाला तिकिटातला हिस्सा मिळतो (निदान मिळायला हवा, "तुम्हाला एक्सपोजर मिळेल" हे वाक्य त्यांनीही भरपूर ऐकलेलं असतं). पण ज्या भिंतींमुळे ती संध्याकाळ वेगळी होते त्या भिंतींवरची कामं ज्याची, त्याला काय? शून्य. पोस्टरवर नावही नाही कित्येकदा. हॉलमध्ये वाजवलं असतं तर लोक आले नसते, ते आले "गॅलरीतलं गाणं" म्हणून, मग गॅलरीत जे टांगलंय त्याची किंमत धरा ना राव. फार नाही, थोडा हिस्सा. शिल्पकाराचा राग खरं तर इथे असायला हवा होता, तो उगाच गाण्यावर काढतोय.

पुढच्या मोसमात, शिल्पकार जिच्यावर वैतागलाय त्याच छोट्या गॅलरीत माझं प्रदर्शन आहे. मी तीन गोष्टी लिहून दिल्या आहेत: पोस्टरवर माझं नाव, तिकिटात छोटा वाटा, आणि कार्यक्रम संपल्यावर दहा खुर्च्या तशाच ठेवायच्या, प्रदर्शन संपेपर्यंत. पहिली लगेच मान्य झाली. दुसरीवर "बघू" म्हणालेत. तिसरीवर मात्र भलताच वाद चाललाय, म्हणे खुर्च्यांनी भिंती झाकल्या जातात, फोटो नीट येत नाहीत.

मी अडून बसलेय.