शाईचा अंगठा पुसणारी आजी

आज संध्याकाळी एका व्याख्यानाला गेले होते. वक्ते अभ्यासू होते, बोलणे ओघवते होते, आणि अर्ध्या तासात त्यांनी निकाल देऊन टाकला की मिशनरी म्हणजे इंग्रजी फौजेची बायबल घेऊन आलेली तुकडी आणि त्यांच्या शाळांत गेलेले आपले लोक म्हणजे गळाला लागलेले मासे. सभागृहाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन दोन तास झाले तरी ते मासे माझ्या डोक्यातून जात नाहीत, कारण त्यांतला एक मासा माझी आजी होती.

१८९९-१९०० च्या दुष्काळात पाच वर्षांच्या आजीला तिच्या आईने एका मिशनच्या अनाथाश्रमाच्या दारात आणून सोडले. तिथे ती जगली आणि वाचायला शिकली. मी दहा वर्षांची असताना जमिनीच्या कागदासाठी तिच्याबरोबर चावडीवर गेले होते. समोरच्या माणसाने काही न विचारता तिचा हात धरला आणि अंगठा शाईच्या पॅडवर दाबला. आजीने हात सोडवून घेतला, अंगठा पदराला पुसला आणि म्हणाली, “पेन द्या, बाबा.” मग एकेक अक्षर तोडून, दर शब्दावर स्वतंत्र रेघ देऊन तिने सही केली. पदरावरचा तो निळा डाग कधीच गेला नाही आणि तिने ते लुगडेही टाकले नाही.

साम्राज्याशी मिशनचा संबंध नव्हता, असे मी म्हणणार नाही, तुम्हीही म्हणणार नाही. पण तो संबंध व्याख्यानात सांगितला तितका सरळ नव्हता. १८१३ च्या फेब्रुवारीत गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट हे अमेरिकन मिशनरी मुंबईत उतरले, तेव्हा कंपनी सरकारला ते नको होते. इंग्लंड आणि अमेरिकेचे युद्ध चालू होते आणि धर्माच्या भानगडीने व्यापाराला धक्का बसेल ही भीती तर होतीच. हद्दपारीचा हुकूम निघाला, दोघे गुपचूप कोचीनकडे निसटले, त्यांना परत आणले गेले. त्याच वर्षीच्या सनदी कायद्याने, म्हणजे कंपनीची सनद वाढवून देताना ब्रिटिश संसदेने केलेल्या कायद्याने, मिशनऱ्यांना दार उघडले नसते, तर पुढची गोष्टच वेगळी झाली असती. हॉल १८२६ साली नाशिककडच्या दौऱ्यात कॉलऱ्याने गेला.

हेही मान्य करते की १८१८ साली पेशवाई बुडाली नसती तर १८३१ साली अमेरिकन मिशन नगरला तळ देऊ शकले नसते, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्याने, म्हणजे हिंदुस्थानातल्या शिक्षणाविषयीच्या सरकारी धोरणपत्राने, मिशनच्या शाळांनाही सरकारी अनुदानाची वाट मोकळी करून दिली. राज्य इंग्रजांचे होते आणि त्याच्या छत्राखाली हे सगळे चालले. झाले मान्य करून.

पण त्या शाळांत बसलेल्यांनी पुढे काय केले, हे त्या व्यासपीठावर एकदाही का आले नाही? जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, नगरला अमेरिकन मिशनच्या शिक्षिका सिंथिया फरार यांची मुलींची शाळा पाहून आले, आणि १८४८ साली पुण्यात स्वतःची शाळा काढली. सावित्रीबाईंनी फरारबाईंकडे शिक्षिकेचे प्रशिक्षण घेतले. दोघांनीही धर्म बदलला नाही. जे हवे होते ते घेतले आणि आपल्या कामाला लावले. त्यांच्याच शाळेतल्या मुक्ता साळवे या मांग मुलीने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो १८५५ साली ‘ज्ञानोदया’त, म्हणजे मिशनच्याच पत्रात, छापून आला. आपला धर्म कोणता, हा प्रश्न तिने त्यात देवालाच विचारला आहे. ही मुलगी मासा? जिला आपल्या गावातल्या शाळेच्या पायरीवर बसण्याची सोय नव्हती, तिने दुसऱ्या कोणाची पाटी हातात घेतली तर गळाला लागली, असे म्हणायचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

इतके रागाने लिहिले खरे, पण आजीने मिशनचे गुणगान गायलेलेही मी कधी ऐकले नाही. अनाथाश्रमात तिचे नाव बदलले होते. सहीत जे नाव होते ते तिथलेच. आईने ठेवलेले नाव काय होते, असे मी एकदा विचारले, तेव्हा ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली आणि म्हणाली, “ती पोर दुष्काळातच गेली गं.” ज्यांनी तिला अक्षरे दिली त्यांनीच तिचे नाव पुसले, आणि त्याबद्दल मला आजही माफ करता येत नाही. वक्त्यांनी हे सांगितले असते तर मीच पहिली टाळी वाजवली असती. पण त्यांना आजीचे नाव गेल्याचे दुःख नव्हते, तिने अक्षरे घेतली याची चीड होती.

रात्री ती पांघरुणात बसून बायबल वाचायची, ओळीखाली बोट फिरवत, अर्धवट मोठ्याने. कधी त्याच सुरात वर्तमानपत्रातले बाजारभावही वाचायची. दोन्ही वाचताना चेहरा सारखाच असे.

त्या चावडीवरच्या कागदाची नक्कल माझ्याकडे आहे. उद्या आयोजकांना पत्र लिहून त्यासोबत तीही पाठवणार आहे. सहीच्या डाव्या बाजूला अंगठ्याचा अर्धवट, पुसट ठसा उमटलेला आहे, तिने हात सोडवून घेतला तेव्हाचा.