डोलोरेस हार्ट एल्व्हिसमुळे नन झाल्या नाहीत

एल्व्हिस प्रेस्लीच्या मिठीतली एक तरुणी आणि शेजारी काळ्या वेशातली हसरी, वयस्कर नन. हा जोडफोटो फेसबुकवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर अधूनमधून नव्याने उगवतो. खालचा मजकूर थोडाफार बदलतो, सांगाडा तोच राहतो. हॉलिवूडची उगवती नटी डोलोरेस हार्ट एल्व्हिसच्या प्रेमात पडली, त्याने झिडकारलं, कामं मिळेनाशी झाली. मग चोविसाव्या वर्षी एका रात्रीत सगळं टाकून ती कॅथलिक मठात गेली, मौनव्रत घेतलं, पुन्हा जगाला तोंड दाखवलं नाही. पुढे पोपने तिला त्याच मठाची प्रमुख केलं. सगळ्यात खाली, हात जोडलेल्या इमोजींच्या आधी, तात्पर्य: संसारात हरलेल्यांनाच देव आठवतो.

फोटो खरे आहेत, नाव खरं आहे, वयही खरं आहे. उरलेलं जवळपास प्रत्येक वाक्य लंगडं आहे. तो मठ म्हणजे अमेरिकेच्या कनेटिकट राज्यातल्या बेथलेहेम गावचा 'अ‍ॅबी ऑफ रेजिना लाउडिस', बेनेडिक्टाइन परंपरेतल्या नन्सचा. तिथल्या प्रमुख बायकांचं आयुष्य पाहिलं तर फॉरवर्डचं तात्पर्य नेमकं उलटं ठरतं, म्हणून हा खटाटोप.

आधी एल्व्हिसचं बघू, कारण त्याच्याशिवाय हा फॉरवर्ड कोणी पुढे पाठवलाच नसता. 1957 मध्ये 'लव्हिंग यू' आला, तो डोलोरेस यांचा पहिला चित्रपट. चित्रीकरणाच्या वेळी त्या अठरा वर्षांच्या होत्या. पुढच्या वर्षी दोघांचा 'किंग क्रिओल' आला. पडद्यावर चुंबन होतं, पडद्याबाहेर ओळख आणि मैत्री होती. आमच्यात प्रेमप्रकरण नव्हतं, हे त्यांनी मुलाखतींतून पुन्हापुन्हा सांगितलं आहे. त्यांचा शब्द नको असेल तर नुसतं कॅलेंडर बघा. मठप्रवेश 1963 चा. 1957 च्या नकाराचं दुःख सहा वर्षांनी उफाळून आलं म्हणायचं, आणि मधल्या काळात त्यांनी दुसऱ्याच माणसाशी साखरपुडा केला होता त्याचं काय करायचं?

तो माणूस म्हणजे लॉस एंजेलिसचे वास्तुविशारद डॉन रॉबिन्सन. साखरपुडा डोलोरेस यांनी मोडला. रॉबिन्सन यांनी पुढे कधीच लग्न केलं नाही, आणि 2011 मध्ये वारेपर्यंत ते त्यांना भेटायला त्या मठात जात राहिले. म्हणजे गोष्टीत प्रेमभंग आहेच. तो कोणाचा झाला, एवढंच फॉरवर्ड लिहिणाऱ्याने चुकवलं.

'कामं मिळेनाशी झाली' हे तर कोणालाही पाच मिनिटांत पडताळता आलं असतं. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 'द प्लेझर ऑफ हिज कंपनी' या नाटकासाठी त्यांना टोनी या नाट्यपुरस्काराचं नामांकन मिळालं. 1960 चा 'व्हेअर द बॉइज आर' तुफान चालला. 1961 मध्ये त्यांनी संत क्लेअरची भूमिका केली, 1962 मध्ये नाझींच्या छळछावणीतून वाचलेल्या ज्यू मुलीची. 'कम फ्लाय विथ मी' हा शेवटचा चित्रपट 1963 चा, म्हणजे मठात गेल्या त्याच वर्षीचा. लोक त्यांची तुलना हॉलिवूडतारका ग्रेस केलीशी करत होते. याला कामं मिळेनाशी होणं म्हणत नाहीत.

आता 'एका रात्रीत'. माझ्या मते फॉरवर्डमधली सगळ्यात मोठी लबाडी हीच आहे, आणि ती खपते याला कारण आपणही आहोत. बोहल्यावर 'सावधान' ऐकून निसटलेल्या रामदासांची आख्यायिका आपण लहानपणापासून ऐकतो, त्यामुळे क्षणात झालेल्या वैराग्यावर आपला चटकन विश्वास बसतो. त्याच आख्यायिकेत पुढे टाकळीच्या तपश्चर्येची बारा वर्षं आहेत. ती आठवायला मात्र कोणाला सवड नसते.

डोलोरेस यांनी हा मठ पहिल्यांदा पाहिला 1959 मध्ये. ब्रॉडवेच्या रोजच्या प्रयोगांनी थकल्या होत्या, कोणीतरी सुचवलं की दोन दिवस तिथे जाऊन विश्रांती घे. त्या गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मठाने त्यांना ओढून घेतलं नाही. उलट तू अजून लहान आहेस, आपल्या कामाला जा, असंच सांगितलं गेलं. ही मठाच्या प्रमुखबाईंची वैयक्तिक सावधगिरी नव्हती, पंधराशे वर्षांची रीत होती. सहाव्या शतकात इटलीतल्या संत बेनेडिक्ट यांनी मठांसाठी जी नियमावली लिहिली, तिच्या 73 प्रकरणांपैकी अठ्ठावन्नावं नेमकं याच विषयावर आहे. नव्या माणसाला सहज आत घेऊ नका, असं ते सुरुवातीलाच बजावतं. चार-पाच दिवस दार ठोठावू द्या, उपेक्षा सोसू द्या, तरी टिकला तर पाहुण्यांच्या खोलीत ठेवा. मग नवशिक्यांमध्ये. दोन महिन्यांनी सगळी नियमावली त्याला वाचून दाखवायची आणि सांगायचं: या कायद्याखाली राहायचं आहे, जमत असेल तर ये, नसेल तर मोकळेपणाने जा. आणखी सहा महिन्यांनी पुन्हा वाचायची, त्यानंतर चार महिन्यांनी पुन्हा. आणि व्रत घेतल्यावरही त्याचे जुने कपडे टाकायचे नाहीत, कोठीत जपून ठेवायचे. उद्या जायची वेळ आलीच तर मठाचा झगा काढून घेऊन त्याला त्याच्याच कपड्यांत परत पाठवता यावं म्हणून.

रागाच्या किंवा दुःखाच्या भरात आलेला माणूस गाळून निघावा, अशीच ही सगळी योजना आहे. डोलोरेस 1963 च्या जूनमध्ये आत गेल्या आणि त्यांनी अखेरची, आयुष्यभराची व्रतं घेतली 1970 मध्ये. मधली सात वर्षं परत फिरण्याचा रस्ता खुला होता. सुरुवातीची वर्षं फार जड गेली, रडू यायचं, हे त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. आज तर नियम आणखी कडक आहे. 2018 च्या व्हॅटिकनच्या सूचनेनुसार अशा मठांतल्या नन्सची तयारीच किमान नऊ वर्षांची असावी लागते. आपल्याकडे एमबीबीएस आणि एमडी मिळून साधारण तेवढीच वर्षं जातात.

डॉक्टरकीवरून आठवलं, 'हरलेले लोकच मठात जातात' या तात्पर्याला सगळ्यात चोख उत्तर ज्यांनी दिलं असतं त्या बाई डॉक्टरच होत्या. रेजिना लाउडिसच्या संस्थापक मदर बेनेडिक्ट डस. जन्म 1910 चा, पिट्सबर्गचा, नाव व्हेरा. घराण्यात धर्माचा एक विक्षिप्त धागा होताच: आजोबा जॉन डस हे हार्मनी सोसायटी या ब्रह्मचर्य पाळणाऱ्या ख्रिस्ती वसाहतीचे शेवटच्या काळातले कारभारी होते. व्हेरा मात्र आईबरोबर फ्रान्समध्ये वाढल्या आणि पॅरिसच्या सॉरबोन विद्यापीठातून वैद्यकीची पदवी घेऊन बाहेर पडल्या. 1930 च्या दशकात बाईने डॉक्टर होणं ही काय चीज होती हे वेगळं सांगायला नको. ती पदवी हातात असताना त्या झुआर या गावच्या, सातव्या शतकात स्थापन झालेल्या मठात शिरल्या.

मग युद्ध आलं. जर्मनांच्या ताब्यातल्या फ्रान्समध्ये अमेरिकी नागरिक म्हणजे शत्रूचं माणूस, त्यामुळे त्यांना जपून, लपून राहावं लागलं. 27 ऑगस्ट 1944 ला जनरल पॅटन यांच्या सैन्याने झुआर मुक्त केलं. मठाच्या बुरुजावरून व्हेरा यांनी अमेरिकी सैन्य पाहिलं, आणि या उपकाराची फेड म्हणून अमेरिकेत एक मठ उभारायचा, हे तिथेच मनाशी ठरवलं. 1946 मध्ये एका सहकारी ननबरोबर त्या बोटीने अमेरिकेत पोहोचल्या. पैसे जवळपास नव्हतेच. बेथलेहेमला लॉरेन फोर्ड नावाच्या चित्रकार बाईंनी घरात आसरा दिला. जमीन मिळाली ती रॉबर्ट लेदर या कारखानदाराकडून, आणि तो कॅथलिक नव्हता, प्रोटेस्टंट होता. या सगळ्यावरून हॉलिवूडने 1949 मध्येच 'कम टू द स्टेबल' हा चित्रपट काढला. म्हणजे डोलोरेस हॉलिवूडमधून मठात गेल्या त्याआधी मठच हॉलिवूडला जाऊन आला होता. 1976 मध्ये मठाला अ‍ॅबीचा पूर्ण दर्जा मिळाला आणि मदर बेनेडिक्ट तिच्या पहिल्या अ‍ॅबेस, म्हणजे मठाध्यक्षा झाल्या. त्यांना मुक्त करणाऱ्या त्या जनरल पॅटन यांची नातही पुढे याच मठात नन झाली.

या बाई कशात हरल्या होत्या? किंवा 2015 मध्ये अ‍ॅबेस झालेल्या लुसिया कुप्पेन्स, येल विद्यापीठाच्या इंग्रजी साहित्यातल्या डॉक्टरेट? दुःखातून मठाकडे वळणारे असतात, हे नाकारायचं कारण नाही. चीनचे परराष्ट्रमंत्री आणि काही काळ पंतप्रधान राहिलेले लू त्सेंग-त्सियांग यांनी बेल्जियन पत्नीच्या निधनानंतर 1927 मध्ये ब्रूझजवळचा बेनेडिक्टाइन मठ गाठला आणि 1946 मध्ये त्यांना मानद अ‍ॅबट (मठप्रमुख) ही पदवीही मिळाली. पण 1919 च्या पॅरिस परिषदेत चीनच्या ज्या शिष्टमंडळाने व्हर्सायच्या तहावर सही नाकारली, त्याचे ते प्रमुख होते. दुःखी म्हणा हवं तर. हरलेले म्हणताना जरा थांबा.

मौनव्रताचं थोडक्यात. बेनेडिक्टाइन परंपरेत असं व्रतच नाही. व्रतं तीन: याच मठात आयुष्यभर राहणं, जगण्याची रीत बदलणं आणि आज्ञापालन. बोलण्यावर संयम आहे, काही वेळा शांततेच्या आहेत. पण रेजिना लाउडिसच्या नन्स दिवसातून सात वेळा आणि रात्री एकदा एकत्र येऊन लॅटिनमध्ये स्तोत्रं गातात. रोज इतकं गाणाऱ्यांना मौनी म्हणणं विनोदीच आहे.

'जगाला तोंड दाखवलं नाही' यात मात्र गोंधळ व्हायला थोडी जागा आहे. आपण पाहिलेल्या नन्स बहुतेक कॉन्व्हेंट शाळेतल्या किंवा दवाखान्यातल्या सिस्टर, दिवसभर लोकांत वावरणाऱ्या. रेजिना लाउडिस हा त्यातला प्रकार नाही. तो बंदिस्त मठ आहे, तिथल्या नन्स कामाशिवाय आवार सोडत नाहीत. पण आवार म्हणजे शेकडो एकर जमीन, गाई, कुरणं, लोहारकाम, भाजीपाला. मदर नोएला मार्सेलिनो या तिथल्या ननचं उदाहरण मला फार आवडतं. फ्रान्समधल्या एका पारंपरिक चीज करणाऱ्या बाईकडून त्या कच्च्या दुधाचं चीज लाकडी पिंपात करायला शिकल्या. 1980 च्या दशकात अमेरिकेत चीजमधून लिस्टेरिया या घातक जिवाणूची साथ आली तेव्हा आरोग्य खात्याने लाकूड काढून स्टीलची भांडी आणायला लावली. स्टीलमधल्या चीजमध्ये ई. कोलाय हे जिवाणू वाढू लागले. मग त्यांनी दोन्ही भांड्यांत मुद्दाम ई. कोलाय सोडून तुलना केली. लाकडात मुरलेले आंबवणारे जिवाणू त्या ई. कोलायला वाढू देत नाहीत असं दिसलं, आणि पिंप परत आलं. पुढे त्यांनी सूक्ष्मजीवशास्त्रात डॉक्टरेट केली, फुलब्राइट शिष्यवृत्तीवर फ्रान्समध्ये चीजवरच्या बुरशीचा अभ्यास केला. जगाला तोंड न दाखवता हे कसं जमलं असेल?

खुद्द डोलोरेस यांच्याबद्दल सांगायचं तर त्या ऑस्कर देणाऱ्या अकादमीच्या मतदार सदस्य राहिल्या, मठात राहून. मठाच्या आवारात खुलं नाट्यगृह उभं राहिलं ते त्यांच्यामुळे. 2006 मध्ये त्यांनी स्वतःला झालेल्या मज्जातंतूंच्या आजाराबद्दल अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली. 2012 मध्ये त्यांच्यावरच्या लघुमाहितीपटाला ऑस्करचं नामांकन मिळालं, तेव्हा ननच्या वेशात त्या रेड कार्पेटवर चालल्या. ते फोटो एल्व्हिसच्या फोटोपेक्षा सहज सापडतात.

राहिला पोप. डोलोरेस 2001 मध्ये प्रायोरेस झाल्या. प्रायोरेस ही मठाची प्रमुख नव्हे. प्रमुख अ‍ॅबेस, प्रायोरेस तिच्या हाताखालची, तिनेच नेमलेली. नियमावलीचं पासष्टावं प्रकरण या दुय्यम पदाबद्दल चांगलंच साशंक आहे. बाहेरून कोणी नेमला तर तो स्वतःला दुसरा अ‍ॅबट समजू लागतो आणि मठात तट पडतात, म्हणून गरज पडलीच तर अ‍ॅबटनेच त्याला निवडावं, असं बेनेडिक्ट लिहितात. खुद्द अ‍ॅबट किंवा अ‍ॅबेस रोमहून येत नाही. व्रतस्थ नन्स गुप्त मतदानाने आपल्यातूनच तिला निवडतात. चौसष्टाव्या प्रकरणात तर स्पष्ट म्हटलंय की शहाणपण आणि वागणूक पाहा, मग ती व्यक्ती मठात सगळ्यात शेवटी आलेली का असेना.

पोप गोष्टीत घुसले कसे याचा माझा अंदाज असा: संत क्लेअरच्या भूमिकेसाठी इटलीत असताना डोलोरेस यांची तेविसाव्या जॉन यांच्याशी भेट झाली होती, आणि ती आठवण त्या सांगत असत. ते पोप 3 जून 1963 ला वारले. डोलोरेस त्याच महिन्यात मठात दाखल झाल्या, आणि प्रायोरेस झाल्या त्यानंतर अडतीस वर्षांनी.