गोळ्या मिळतात, बोलायला माणूस मिळत नाही

एचआयव्हीसोबत म्हातारे होणाऱ्यांच्या एकटेपणावरचा एक लेख वाचला आणि माझी मावशीच डोळ्यांपुढे आली. बीड जिल्ह्यातल्या खेड्यात राहते, साठी उलटलीय. काका गेले तेव्हा मोफत एआरटी, म्हणजे एचआयव्ही आटोक्यात ठेवणारी औषधं, नव्हती. ती एप्रिल 2004 मध्ये सुरू झाली. मावशी त्याच गोळ्यांवर तगली. आता रोज एकच गोळी, आणि व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, तपासणीत दिसणार नाही इतका कमी.

पण बाटली वाजू नये म्हणून ती अजून आत कापूस कोंबते. लग्नकार्यात वाढायला उभी राहिली की कुणीतरी हातातलं भांडं हळूच काढून घेतं. जेवणातून, भांड्यांतून हा आजार पसरत नाही, हे किती वर्षं सांगायचं?

जिल्ह्याला गोळ्या आणायला जायच्या दिवशी मात्र ती पहाटेच इरकल नेसून तयार. तिथल्या बाकावर भेटणाऱ्या दोघीजणीच तिच्या खऱ्या मैत्रिणी; भाकरी, शेंगदाण्याची चटणी वाटून खातात. मध्ये तिला एकदम तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या. फेऱ्या वाचल्या, पण मावशी हिरमुसली. गोळ्या जरूर तीन महिन्यांच्या द्या, पण महिन्यातून एकदा या लोकांना निवांत बसायला जागा ठेवा. बीपी-शुगर तपासता तशी झोप लागते का, हेही विचारा.

भेदभावाविरुद्ध 2017 चा कायदा आहे, 1097 ही मोफत हेल्पलाइन आहे. मावशीला दोन्ही माहीत नव्हतं.

परवा मी तिघींना एकत्र फोन लावून दिला. पाऊण तास बोलल्या, त्यातलं निम्मं सोयाबीनच्या भावावर.